आज कशासाठी?

माझे सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मीही तसंच म्हणत आले. मामा दवाखान्यात हाडांच्या विभागात होते. प्लास्टर घालायचं आणि कापायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण हाताला हात लावला की हाड कुठं बसलं नाही ते त्यांना कळायचं, असं डॉक्टरही म्हणायचे. संध्याकाळी घरी आले की साबणानं दोन वेळा हात धुवायचे, तरी नखांच्या कडेला पांढरी रेघ राहायचीच.

त्यांचं घर ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासूनचं. माझं माहेर कोडोलीचं, बौद्ध. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पोस्टमन होते. माझा आणि माझ्या नवऱ्याचा परिचय कोल्हापुरात टायपिंगच्या क्लासात झाला. तो पुढं शिरोलीत एका कारखान्यात लेथवर लागला आणि १९९५ साली आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दोन्ही घरांत कुणी आरडाओरड केली नाही. आबांनी एवढंच सांगितलं, तेही निघायच्या दिवशी, मी चपला घालत असताना.

"त्या घरात रोज देवाचं आभार मानत्यात. तुलाबी मानाय लावतील. माझं काय म्हणणं न्हाई. पण मनात नसंल तर तोंडानं म्हणू नको. खोटं बोलायचं न्हाई."

आबांचा देवावर विश्वास नव्हता. आमच्या घरात देव सोडून एक पिढी होऊन गेली होती. बुद्धवंदना व्हायची, पण तिच्यात काही मागायचं नसे. आभार मानायचे ते माणसांचे. ज्यांनी शाळेत बसू दिलं त्यांचे, ज्यांनी पाणी दिलं त्यांचे. आबांना ती माणसं नावानिशी पाठ होती.

कळंब्याच्या बाजूला सासरचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या दारात उभं राहिलं की तळ्यावरून वारा यायचा. पहिल्याच संध्याकाळी जेवणाआधी सगळे स्वयंपाकघरात फरशीवर बसले. मामांनी पवित्र शास्त्रातला उतारा वाचला, एक गीत झालं. मग पुस्तक मिटून त्यांनी आत्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "आज कशासाठी?"

आत्या म्हणाल्या, "सकाळी गॅस संपला, पण भात शिजल्यावर संपला. त्याबद्दल देवाचे आभार."

नवरा म्हणाला, "शिफ्ट सुटल्यावर पहिल्याच बसमध्ये जागा मिळाली."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली मान घालून बसले होते. मला आबांचं बोलणं आठवलं. मी म्हणाले, "काही नाही."

आत्यांनी पदर सावरला. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "चालतंय की. जे खरं हाय ते बोललीस." आणि डोळे मिटून त्यांनी त्या दिवसाचे आपले आभार सांगितले, "प्रभू, घरात खरं बोलणारी सून आली, त्याबद्दल."

त्या घराचा हा नियम होता. रोज संध्याकाळी प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. ती त्याच दिवसाची पाहिजे. कालची चालत नसे, उद्याची तर नाहीच. आणि 'सगळ्यासाठी' असं मोघम म्हटलेलं मामांना खपायचं नाही. "सगळ्यासाठी म्हंजे कशासाठीच न्हाई," ते म्हणायचे. "एक धरून सांग." त्यांची स्वतःची गोष्ट बहुतेक दवाखान्यातली असायची. एका म्हातारीचं प्लास्टर आज कापलं, मनगट सरळ निघालं. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेलं एक पोर आज पायावर उभं राहिलं. कधी नुसतं, "आज चहा चांगला झालता."

पहिले दोन महिने मी 'काही नाही' म्हणत राहिले. एकदा तर मी वादच घातला. बाजरीचं पीठ त्या दिवशी जुनं होतं, भाकरी थापताना चिरत होती, मी घामाघूम झाले होते. त्यातच मामांनी भाकरीसाठी देवाचे आभार मानले. मी ताट पुढं सरकवत म्हणाले, "मामा, भाकरी मी थापली. चुलीजवळ मी बसले. आभार देवाचे कसे?"

नवऱ्यानं मला डोळ्यांनी दटावलं. मामा हसले. "तुझं आभार मानायचं राहिलं व्हय? चुकलंच माझं. आजपासनं आधी तुझं, मग त्याचं." आणि खरंच, त्या दिवसापासून प्रार्थनेआधी ते आत्यांकडं किंवा माझ्याकडं बघून म्हणायचे, "झकास झालंय हां." मगच डोळे मिटायचे. मला वाटतं, माझ्यातला हट्ट तिथं थोडा सैल झाला. माणसाचे आभार बाजूला सारून देवाचे मानायचे नसतात, एवढं तरी मला त्या घरात दिसलं.

एका संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी न ठरवता बोलून गेले, "आज दुपारी शेजारच्या काकूंनी माझा हात धरून गल्लीतल्या बायकांना सांगितलं, ही आमची नवी सून." मी कुणाचे आभार मानले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण ते खोटं नव्हतं.

अशी चार वर्षं गेली. मामा नोकरीतून निवृत्त झाले. मी एका बालवाडीत शिकवायला लागले. मूल होत नव्हतं, त्याबद्दल बाहेरची माणसं बोलायची, घरातलं कुणी बोलत नसे. मग १९९९ च्या पावसाळ्यानंतर मला दिवस गेले.

मामांचा आनंद बघण्यासारखा होता. त्यांनी माझ्यासाठी आपल्या हातांनी पाठ टेकायला लाकडी फळी केली आणि तिला कापूस भरून कापड ठोकलं. आणि संध्याकाळच्या भक्तीत त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. रोज ते उद्याच्या गोष्टींचे आभार मानायला लागले. येणाऱ्या बाळाच्या डोळ्यांसाठी, त्याच्या पायांसाठी, त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवसासाठी. आत्या एकदा म्हणाल्या, "अहो, आजचं सांगायचं असतंय न्हवं?" तर म्हणाले, "हे आजचंच हाय की. पोटात आजच हाय." आम्ही सगळे हसलो. पाचव्या महिन्यात बाळ पहिल्यांदा हललं त्या दिवशी माझी पाळी यायच्या आधीच मी बोलले होते.

आठव्या महिन्यात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की बाळ काल संध्याकाळपासून हललेलं नाही. मी आत्यांना सांगितलं. आत्यांनी गूळ खायला दिला, डाव्या कुशीवर निजवलं. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर यंत्र लावलं, पुन्हा पुन्हा जागा बदलली. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. दुसऱ्या दिवशी बाळंतपण झालं. मुलगी होती. सगळं नीट होतं तिचं. बोटं, कान, ओठ. फक्त रडली नाही.

तिला दफन करायला मी नव्हते, मी दवाखान्यात पडून होते. हे मला नंतर नवऱ्यानं सांगितलं. सुतारानं लहान पेटी करून दिली होती. तिच्या आतल्या फळ्या खडबडीत होत्या म्हणून मामांनी कापसाची गुंडाळी आणली. ज्या हातांनी त्यांनी हजारो हातापायांभोवती कापूस गुंडाळला होता, त्याच हातांनी पेटीच्या चारी बाजूंना थर दिला, कोपरे भरले, वर हात फिरवून बघितला आणि मग नातीला आत ठेवलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मामा त्या वेळी आमेन म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले. कोडोलीहून आई आणि आबा आले होते. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून आईनं पिठलं-भाकरी बांधून आणली होती. सगळ्यांची ताटं मांडली. सवयीनं आम्ही सगळे हात न लावता थांबलो. मामा काहीच बोलले नाहीत. ताटं समोर, आणि कुणीच पहिला घास घेईना. मी भिंतीला टेकून बसले होते, मला ते मांडलेलं जेवण बघवत नव्हतं.

शेवटी आबाच बोलले. ज्यांनी आयुष्यात देवाला हात जोडले नाहीत, ते माझे आबा.

"पावणं, तुमची ती प्रार्थना म्हणा की. असं गप बसून कसं जेवायचं?"

मामांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "येत न्हाई, पावणं. शब्दच न्हाईत."

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग पिशवी बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी सरकले, मांडी घातली आणि म्हणाले, "मग मीबी तुमच्यासंगं गप बसतो."

ती दोघं माणसं तशीच शेजारी शेजारी बसली. किती वेळ ते मला आठवत नाही. पिठलं गार झालं. मग आबांनीच भाकरीचा तुकडा मोडून मामांच्या हातात दिला.

त्या दिवसापासून आमच्या घरातली उपकारस्तुती, म्हणजे ती रोजच्या आभारांची पाळी, थांबली. भक्ती चालू होती. मामा उतारा वाचायचे, पण वाचून झालं की पुस्तक मिटून उठून जायचे. "आज कशासाठी?" हा प्रश्न कुणी विचारत नसे. जेवणं खाली मान घालून व्हायची. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मामा पूर्वी तिसऱ्या बाकावर बसायचे, आता शेवटच्या बाकावर दारापाशी बसायला लागले.

एकदा पाळकसाहेब भेटायला आले. भला माणूस होता. आम्हाला धीर द्यावा म्हणूनच आले होते. त्यांनी देवाच्या योजनेबद्दल बोलायला सुरुवात केली, आपल्याला ती कळत नाही वगैरे. माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. मी उठून आत जाणार होते, तेवढ्यात मामा म्हणाले, "पाळकसाहेब, चहा घ्या. बसा निवांत. पण तेवढं आज नको." पाळकसाहेब थांबले. त्यांनी चहा घेतला, बराच वेळ नुसते बसले आणि जाताना मामांचे दोन्ही हात हातात घेतले. त्या बसण्याचा आम्हाला उपयोग झाला, बोलण्यापेक्षा जास्त.

माझ्या मनातला राग मात्र वेगळाच होता. मला देवाचा राग येत नव्हता, कारण तो माझा नव्हताच, असं मी समजत होते. मला त्या आभारांचा राग यायचा. महिनोन्महिने रोज तिच्या डोळ्यांसाठी आभार मानले. कुठं गेले ते? कुणी ऐकले? मला वाटायचं, आपण सगळ्यांनी मिळून एका रिकाम्या खोलीत बोलत बसलो होतो.

महिनाभरानं आई मला कोडोलीला घेऊन गेली. तिथं मी काही करत नव्हते. सकाळी उन्हात बसायचं, दुपारी पडायचं. कुणी काही विचारत नसे. पण संध्याकाळ झाली, दिवे लागले की माझ्या डोक्यात आपोआप शोध सुरू व्हायचा. आज काय? आज अंगणात लिंबाखाली सावली छान होती. आज भावाच्या पोरीनं माझ्या केसांचा गुंता न दुखवता सोडवला. चार वर्षांची सवय होती ती. मला नको असतानाही ती गोष्ट हाताला लागायचीच. आणि लागली की ती कुठं ठेवायची ते कळत नसे. आईला सांगावं तर तिनं कौतुकानं हं म्हटलं असतं आणि विषय संपला असता. ते तेवढ्यानं भागत नव्हतं. माझ्याजवळ रोज आभार साठत होते आणि घेणारं कुणी नव्हतं.

एक दिवस आबा पोस्टातून लवकर घरी आले. मी पायरीवर बसले होते. त्यांनी सायकल लावली, खाकी पिशवी उतरवली आणि शेजारी बसले.

"काय इचार करतीस?"

मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आबा, तुम्ही म्हणाला होता, मनात नसेल तर म्हणू नको. आता मनात येतंय, तर काय करू? मी कुणाला म्हणू?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"हे बग," ते म्हणाले. "मला त्याचा पत्ता ठाऊक न्हाई. खोटं कशाला सांगू? मी कधी त्या दारात गेलो न्हाई. पण तुझ्या मामांस्नी ठाऊक हाय. त्यांचंबी आता पाय अडखळल्यात, पण वाट त्यांच्या पायाखालची हाय. त्यांस्नी इचार. हितं बसून मला काय इचारतीस?"

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"तू गप गप बसतीस त्याचं वाईट वाटतंय," आबा म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

चार दिवसांनी मी कोल्हापूरला परत आले. आत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मामा मागच्या दारी बसून कोथिंबिरीच्या वाफ्यातलं गवत उपटत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सरळच विचारलं, "मामा, तुम्ही आभार मानायचं का बंद केलं? देवावर रागावलाय?"

"न्हाई गं," ते म्हणाले. हात गवतातच होते. "राग असता तर बरं झालं असतं. भांडलो असतो."

"मग?"

"मी फसवलं त्याला." ते थांबून थांबून बोलत होते. "तीस वर्षं मी म्हणायचो, आजचं सांगा, एक धरून सांगा. आणि बाळ येणार म्हटल्यावर मीच उद्याचं मागाय लागलो. आभार म्हणून मागाय लागलो. माझ्या मनात काय होतं ठावं हाय? आपण आधीच आभार मानून ठिवलं, की त्याला न्हाई म्हणता येणार न्हाई. ते आभार न्हवतं, पोरी. ती लाच होती. देवाला लाच दिली मी, तुझ्या लेकराच्या नावानं. आता कुठल्या तोंडानं म्हणू?"

मी त्यांच्याकडं सांत्वनासाठी आले होते. आता त्यांच्याकडं बघताना माझ्या लक्षात आलं, की हा माणूस दोन महिने एकटाच हे उरात घेऊन हिंडतो आहे. मला धर्माचं काही कळत नव्हतं. मी त्यांच्यासोबत गवत उपटत राहिले. वाफा साफ झाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्या संध्याकाळी भक्ती झाली. मामांनी उतारा वाचला, पुस्तक मिटलं आणि उठायला लागले. मी म्हणाले, "मामा, थांबा. मला सांगायचंय."

ते पुन्हा बसले. नवरा माझ्याकडं बघायला लागला. बाळ हललं तो एक दिवस सोडला तर पाच वर्षांत मी आपण होऊन कधी सुरुवात केली नव्हती.

मी डोळे मिटले. काय म्हणायचं ते मी ठरवलं होतं, म्हणजे ठरवायचंही काही नव्हतं, ती एकच गोष्ट होती. मी म्हणाले, "देवा, आज दुपारी मला भूक लागली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा लागली. त्याबद्दल तुझे आभार."

आयुष्यात पहिल्यांदा मी 'देवा' असं म्हटलं होतं, कुणाला तरी उद्देशून. आत्या रडायला लागल्या, तोंडात पदर धरून. आणि मग मामांचा आवाज आला, घोगरा, फुटलेला.

"आमेन."

ते लगेच पूर्वीसारखे झाले असं नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस त्यांची पाळी आली की ते मान हलवायचे आणि आम्ही पुढं जायचो. कुणी त्यांना आग्रह केला नाही. मग एका संध्याकाळी, बहुतेक दोनेक आठवड्यांनी, ते म्हणाले, "आज काय सांगावं ते कळंना, तरी बसावंसं वाटलं. त्याबद्दल." ते त्यांचं पहिलं. त्यानंतर ते रोज सांगत गेले, मरेपर्यंत. पण उद्याच्या गोष्टीसाठी त्यांनी पुन्हा कधी आभार मानले नाहीत. उद्यासाठी ते नुसतं मागायचे, सरळ, लहान मुलानं मागावं तसं. "हे मागणं हाय हां, प्रभू," असंही म्हणायचे. मागणं वेगळं आणि आभार वेगळे, याची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही.

दोन वर्षांनी मी बाप्तिस्मा घेतला. माझ्यावर कुणी दबाव आणला नव्हता. उलट मामाच म्हणाले होते, घाई करू नको. आबा बाप्तिस्म्याला आले, शेवटच्या बाकावर ताठ बसले, सगळं नीट बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुझा आवाज मागपर्यंत ऐकू आला. चांगलं झालं." त्यांनी स्वतः कधी प्रार्थना केली नाही आणि मी त्यांना कधी करायला सांगितलं नाही.

लोक देवळात उभं राहून आपल्या अनुभवाची साक्ष देतात तेव्हा शेवट गोड असतो. दुःख आलं, विश्वास धरला आणि मग देवानं भरभरून दिलं. आमचं तसं झालं नाही. आम्हाला पुढं मूल झालं नाही. डॉक्टरांनी दोन वर्षं औषधं दिली, मग एके दिवशी कागद बाजूला ठेवून, आता शरीराला त्रास देऊ नका, असं सांगितलं. त्या संध्याकाळी नवरा आपल्या पाळीला म्हणाला, "डॉक्टर खरं बोलले, आणि सांगताना घाई केली नाही." एवढं तो कसाबसा बोलला. आम्ही दोघं रडलो आणि जेवलो.

२००३ सालच्या सुगीनंतर देवळात आभारप्रदर्शनाचा रविवार होता. लोकांनी ऊस, भोपळे, तांदळाची पोती, कोंबड्या असं काय काय आणून वेदीपुढं मांडलं होतं. पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. मी आधी नको म्हणाले. सांगण्यासारखं माझ्याकडं काय होतं? पाळकसाहेब म्हणाले, "जे आहे तेच सांगा. गोड करू नका." मला वाटतं, आमच्या घरी नुसतं बसून गेले होते तो दिवस त्यांच्याही लक्षात होता.

मी उभी राहिले आणि सांगितलं. मुलगी गेली ते. आभार बंद पडले ते. भूक लागली ते. पुढं मूल झालं नाही तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला काही कळलेलं नाही. ती का गेली ते मला आजही कळत नाही, आणि तिच्या जाण्याबद्दल मी आभार मानलेले नाहीत. मानणारही नाही. पण रोज एक गोष्ट सापडते, आणि ती कुणाला द्यायची ते आता मला माहीत आहे." आणि खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हार्मोनियमवाल्यानंही जरा उशिरानंच सूर धरला.

भक्ती सुटल्यावर एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. मी त्यांना दर रविवारी बघायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, तिन्ही मुलगे नोकरीला लागलेले. गीतं मोठ्यानं म्हणायच्या, एवढंच मला माहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "माझंबी एक हाय तिथं. तुझ्या लेकीच्या जवळपास कुठंतरी."

"कधी गेलं?" मी विचारलं.

"चाळीस वरसं झाली. पहिलंच. पुढं तीन झाली, मग कुणी त्याचं नाव काढलं न्हाई. मीबी न्हाई."

मी मामांकडं पाहिलं. ते दारापाशी आमची वाट बघत उभे होते. त्यांनी मान हलवून मला जा म्हटलं आणि स्वतः आत्यांना घेऊन घरी निघाले. आम्ही दोघी रिक्षा करून दफनभूमीत गेलो.

माझ्या मुलीच्या जागेवर नवऱ्यानं सिमेंटचा छोटा चौकोन केला होता. म्हाताऱ्या बाईंच्या बाळाची जागा मात्र सापडेना. "भिंतीकडं एक झाड होतं," त्या म्हणत होत्या, पण झाड आता नव्हतं आणि भिंतही नवी बांधलेली होती. आम्ही गवतातून वाकून वाकून बघितलं. त्यांचे गुडघे दुखत होते, मध्ये मध्ये त्या माझ्या खांद्याला धरायच्या. शेवटी एका मोकळ्या जागेशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हितंच असंल. असू दे."

त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्यांनी डोळे मिटले आणि बाळाचं नाव घेतलं. त्यांनी त्याला नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. "प्रभू," त्या म्हणाल्या, "हा नऊ म्हयनं माझ्यापाशी होता. त्याबद्दल तुझं आभार मानायचं राहून गेलतं." एवढंच. ते नाव मी इथं लिहीत नाही.

मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला, माझ्या केसांतलं कुसळ काढलं आणि म्हणाल्या, "चल. घरात सून वाट बगत असंल. आज तिला पुरणपोळी करायला सांगितली हाय, तूबी ये जेवायला."

मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या सुनेनं वाढलेल्या पोळ्या आम्ही दोघींनी पोटभर खाल्ल्या.